आरूच्या दातांवरचा लेप

शनिवार, संध्याकाळ. बजाजनगर.

आज आरूच्या पुढच्या दातांवर फ्लोराइडचा लेप लावून आणला. पोरीच्या दातांवर पांढरट डाग दिसत होते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कीड आत्ताच सुरू झालीय, खड्डा पडलेला नाही, लेपानं दात परत टणक होतील.

फ्लोराइड ऐकलं अन् माझा हात आपसूक तोंडावर गेला. गावी बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनंच माझे दात लहानपणापासून तपकिरी. फोटोत मी कधी तोंड उघडून हसलो नाही. तेच आता पोरीला लावायचं? विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "दात तयार होत होते तेव्हा तुम्ही वर्षानुवर्षं ते प्यायलात. इथं वरून फक्त पातळ थर आहे." पटलं. तरी घरी येईपर्यंत धाकधूक होतीच.

आज ब्रश करायचा नाही, म्हणून लेप अजून तसाच, पिवळट. आरू आरशात लई वेळ बघत बसली. मग पळत येऊन म्हणाली, "पप्पा, माझे दात तुमच्यासारखे झाले." केवढी खूश. उद्या रंग जाईल, हे सांगवेना.

तिला दोघांचा फोटो पाहिजे होता. माझा हात तोंडाकडं गेला होता. खाली घेतला.