टाळ्यांविना झालेली सभा

सांडोर, वसई
९ नोव्हेंबर २०२५

चि. कॅरल हिस,
अ. उ. आ.

आज रविवार. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली. केळीला पाणी दिलं. दुपारी कोणी आलं नाही. फोनवर तुझ्या आईचा विषय निघाला की मी भलतंच काही बोलून फोन ठेवतो, म्हणून लिहितो.

चर्चच्या हॉलच्या छतावर सौर पॅनेल बसवावेत, असं तुझ्या आईने एप्रिलमध्ये सुचवलं होतं. त्यावर २३ तारखेला हॉलमध्ये जाहीर वाद ठेवला आहे. हवामान बदलतंय हे शास्त्र खरं की बागुलबुवा, आणि पॅनेल हवेत की नकोत. नको म्हणणाऱ्यांकडून तुझा प्लासिडमामा बोलणार. दुसऱ्या बाजूने तुझी आईच बोलायची होती. जूनमध्ये ती गेली. फादर म्हणतात, कॅरल नाशिकला फिजिक्स शिकवते, तिला बोलवा.

मी अजून हो म्हटलेलं नाही. आपल्या घराचं दुखवट्याचं वर्ष चालू आहे. वर्ष पुरं होईपर्यंत आपण कोणी स्टेजवर चढत नाही, टाळ्या घेत नाही. तू बोललीस तर लोक तुझ्या नावाने बोटं मोडतील. नाही बोललीस तर तिने हाती घेतलेलं काम पडेल. मला ठरवता येत नाही.

तब्येत सांभाळ. येत नाहीस म्हणून रागावलो नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझे पप्पा
रुडॉल्फ

नाशिक
१३ नोव्हेंबर २०२५

ती. पप्पा यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि हसू आलं, रागावू नका. प्लासिडमामा आईचा सख्खा भाऊ. त्याच्याही खिशावर दुखवट्याची काळी फीत आहे. मग तो स्टेजवर कसा चढणार, हे फादरांना, तुम्हाला, अख्ख्या गावाला कोणालाच सुचलं नाही?

मामाला माझा निरोप द्या. दोघंही खाली बाकावरून बोलू. कोणी टाळी वाजवायची नाही. टाळ्यांमध्ये मुद्दा हरवतो, असं आईही म्हणायची.

एक मात्र सांगून ठेवते. मामा विचारणारच की पावसाळ्यात अंगणात शिरणारं पाणी हवामानाचं, की पाणथळ जागेवर टाकलेल्या भरावाचं. मी आहे ते सांगेन. आपली बाजू कमकुवत झाली तरी ओढूनताणून बोलणार नाही. तुम्हाला वाईट वाटणार नाही ना?

रक्तदाबाची गोळी सकाळचीच घ्या, आठवण झाल्यावरची नको. तुमची माया अशीच राहू द्या.

तुमची
कॅरल

सांडोर
१७ नोव्हेंबर २०२५

चि. कॅरल हिस आशीर्वाद.

तुझा निरोप तुझ्या पप्पांकडून पोचला. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. स्टेजसाठी शर्ट इस्त्री करून ठेवला होता, तो तुझ्या मामीने परत कपाटात टांगला आणि दिवसभर मला पुढारी म्हणून हाक मारली.

बाकावरून बोलेन. सवलत मात्र मिळणार नाही. समुद्र आमच्या बापजाद्यांनी पाहिलाय, तुझ्या पुस्तकाने नाही. रात्री तुझा सूर्य कुठे जातो, हेही विचारणार आहे. भांडण हॉलमध्ये, जेवण माझ्याकडे. आधीच जेवून घे, हरल्यावर भूक लागत नाही.

तुझा
प्लासिडमामा

सांडोर
२३ नोव्हेंबर २०२५

चि. कॅरल हिस,
अ. उ. आ.

तुझी एसटी वेळेवर मिळाली असेल. मतदानाआधीच तुला निघावं लागलं, म्हणून पुढचं कळवतो. समोर असताना बोलता आलं नाही, तेही लिहितो.

मामाने आवाज चढवून विचारलं की त्याच्या अंगणातल्या पाण्याचा धनी कोण, तेव्हा मी खाली बघत होतो. तू शांतपणे म्हणालीस, धनी दोन आहेत. समुद्र चढतोय हे जगभर मोजलेलं आहे, आणि कोळसा-तेल जाळून पृथ्वी आपणच तापवली. पण आलेल्या पाण्याचा परतीचा रस्ता भराव टाकून बुजवला, तो दोष हवामानावर ढकलू नये. यावर आपल्या शेजारची शकूताई मागून म्हणाली, भराव टाकणारे हॉलमध्येच बसलेत. कोणी मान वळवली नाही. रात्री वीज लाइनवरूनच घ्यावी लागेल, हेही तू झाकलं नाहीस. आपली बाजू गेली, असं मला वाटलं.

तू गेल्यावर फादरांनी पॅनेल हवेत त्यांना उभं राहायला सांगितलं. पहिला तुझा मामा उभा राहिला. हॉलमध्ये कुजबुज झाली. तो म्हणाला, भरावाचं मी किती वर्षं ओरडतोय, शिकलेल्यांपैकी कोणी कबूल केलं नव्हतं. या पोरीने स्वतःचं नुकसान करून कबूल केलं. जी तिथे खोटं बोलली नाही, ती समुद्राबद्दल कशाला खोटं बोलेल? मग बाक सरकल्याचे आवाज येत राहिले. बसलेले थोडेच उरले.

मीही उभा राहिलो. तुझी आई असती तर तिनेही असंच उत्तर दिलं असतं, बहुतेक थोडं लांबलं असतं. तू तिची मुलगी आहेस, हे आज सगळ्या गावाने पाहिलं. मला फार अभिमान वाटला.

मामाकडचं जेवण तुझ्या नावावर शिल्लक आहे. नाताळला ये, आणि या म्हाताऱ्याला मनातून उतरू देऊ नकोस.

तुझे पप्पा
रुडॉल्फ

ता. क. टाळी वाजवायची नव्हती, हॉलमध्ये मी ते पाळलं. आत्ता स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि थोड्या वाजवल्या. मांजर दचकून ओट्याखाली गेली. मग चहाचा कप विसळून पालथा घातला.