सासूबाईंची मराठी

९ जानेवारी
या टर्मला बी.ए.ला ‘स्मृती’ शिकवायचं माझ्याच वाट्याला आलं. घरी सासूबाईंचं हे असं, आणि वर्गात मी फळ्यावर मेंदू काढणार. लकव्याचा अटॅक येऊन महिना झाला. हात-पाय सुधारले, बोलायलाही लागल्या, पण फक्त तेलुगूत. मराठी गेली. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी मराठीतच बोललो, भांडलोही मराठीतच. मला तेलुगू येत नाही. नवरा म्हणतो, येईल की परत, जरा दम धर. श्रीला काय जातंय दम धरायला! त्याला दोन्ही येतात.

१५ जाने.
गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी. टिपणं काढली. जुने ग्रीक म्हणायचे, मन म्हणजे मेणाची पाटी, दाबून उमटलं ते राहतं. पुढे कोणी म्हणालं, मेंदूत पोकळ खोल्या असतात आणि आठवणी सगळ्यात मागच्या खोलीत. हसू आलं. सासूबाई फडताळात डबे ठेवतात तसंच, सणावाराचे मागे.
दुपारी त्यांनी काहीतरी मागितलं. मी पाणी दिलं, चादर दिली, खिडकी उघडली. शेवटी कपाळावर हात मारून हसल्या. काय हवं होतं ते कळलंच नाही. श्री दुकानात.

२३ जाने.
आज उंदीर. उंदराला वाट शिकवायची, मग मेंदूचा तुकडा काढायचा आणि बघायचं, विसरला का. आठवण कुठं ठेवलेली असते ते शोधत एका शास्त्रज्ञाची हयात गेली. तुकडा कुठला काढला यानं फारसं बिघडत नव्हतं, केवढा काढला यानं बिघडायचं. म्हणजे आठवण सगळीकडे पसरलेली. पोरांना मजा वाटली. मला राग आला. डॉक्टरांच्या फिल्मवर डाग हरभऱ्याएवढा आहे. एवढ्याशा डागात माझं आणि त्यांचं सगळं बोलणं कसं मावलं?

३० जाने.
हल्लीचं मत: पेशींमधले दुवे वापरानं पक्के होतात. बरं. मग रोज वापरलेली मराठी का पुसली? आणखी एक जुना नियम आहे, नवं आधी जातं, जुनं टिकतं. पण सासूबाईंची मराठी नवी कशी? मी आले त्या दिवसापासून बोलतायत. पुस्तक मिटलं. जरा रडले, मग वरण लावलं.

६ फेब्रु.
त्यांना येत नाही तर मी शिकते. शेजारच्या कमलाक्का विड्या वळता वळता शिकवतात. म्हणाल्या, “पाठ करू नका ओ मॅडम. नुसतं बोला, चुकलं की मी हसते.” हसतातच, पोट धरून. ‘जेवलीस का’ आलं. घरी येऊन विचारलं, “तिन्नवा, अत्तम्मा?” सासूबाई बघतच राहिल्या. मग माझे दोन्ही गाल धरले. पीएच.डी. मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

१८ फेब्रु.
तेलुगू बरी चाललीय. सासूबाई सावकाश बोलतात, मला निम्मं कळतं. त्या दिवशी दुपारी काय मागत होत्या ते विचारलं. त्यांना आठवत नाही. श्री म्हणाला, माझ्याशीपण बोल की. बोलले. खुर्चीतून पडायचा बाकी होता. लई शहाणा.

१ मार्च
वर्गात शेवटचा भाग. आता म्हणतात, आठवण काढली की ती पुन्हा मऊ होते आणि नव्यानं ठेवली जाते, थोडी बदलून.
घरी आले तर सासूबाईंनी ओळखलं नाही. कुणाची गं तू, म्हणाल्या, तेलुगूत. मी तेलुगूतच सांगितलं, तुमची सून. त्यांना पटेना. सून मराठी आहे, आणि समोरची बाई तेलुगू बोलतेय, म्हणजे ही गल्लीतली कुणीतरी. शिकायला गेले आणि परकी होऊन बसले. श्रीनं जेवताना माझा हात धरला.

९ मार्च
आज मला जवळ बसवून घेतलं. गल्लीतलीच समजून. हळू आवाजात म्हणाल्या, पोरानं मोहोळची मुलगी पसंत केलीय, मराठी घरातली. मग जे बोलल्या ते सगळं कळलं मला, शब्द न् शब्द.
“मला मराठी बाजारापुरती येते. घरात बोलायची येत नाही. पोरगी आपली माणसं सोडून येणार. रुसली तर समजूत कशी काढू? तुला येते ना? शिकव मला. ती यायच्या आत.”
इतकी वर्षं मला वाटत होतं, मराठी त्यांना येतच होती. कुणाकडून शिकल्या, कधी बोलल्या नाहीत. श्रीलाही माहीत नाही.
मग शिकवायला बसले. आज ‘ये’ आणि ‘बस’. ‘बस’ जमलं. ‘ये’ विसरतात, परत विचारतात.
श्री म्हणतो, ती पोरगी तूच आहेस, सांगून टाक. सांगेन म्हणते. पण सांगितलं आणि त्यांनी शिकायचं सोडलं तर?