पहिला पसंतीक्रम

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. आज निमित्त तुमच्या नातीचं, जिला तुम्ही पाहिलंच नाहीत. दहावीला उत्तम मार्क पडलेत, डॉक्टर व्हायचंय, आणि अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा आहे. कॉलेजांची नावं पसंतीप्रमाणे लावायची. पहिलंच नाव लागलं तर तिथेच जावं लागतं, नाही म्हटलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून आठवडाभर घरात त्या एका नावावरून धुसफूस चालली आहे.

मलाही डॉक्टरच व्हायचं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही ठाण्याच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या लॅबमध्ये कामाला. मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक उताणे टाचून ठेवायचे, तास संपला की ट्रे धुवायचे. रविवारी कोपरच्या आपल्या स्वयंपाकघरात बांगडे साफ करायला तुम्हीच बसता. पोट चिरून आत काय काय असतं ते मला दाखवता, आणि आई म्हणते, आधी कालवण होऊ दे. शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगीही मांडी घालून बघत असते. आम्ही दोघी एकदमच दहावी झालो. माझे मार्क तिच्याहून जास्त. तरी साहेबांकडे शब्द टाकून तुमच्या कॉलेजात सायन्सला घातलंत ते तिला, आणि मला कल्याणला कॉमर्सला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी त्या जूनमध्ये पाहिला. मी विचारलं तेव्हा तुम्ही शर्टाची बटणं लावत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू तिथे नको. पोरं मला ‘ए, ट्रे उचल’ म्हणतात. ते तुझ्यासमोर नको." बाकीच्या कॉलेजांतल्या लॅब म्हणजे नुसती कपाटं, असं तुम्हीच म्हणायचात. त्यामुळे दुसरीकडे सायन्सला पाठवायचं तुमच्या मनातही आलं नाही.

ती डॉक्टर झाली. कळव्याला तिचा दवाखाना आहे. मी डोंबिवलीत एका नर्सिंग होमच्या काउंटरवर केसपेपर काढते. तुमच्या तेराव्याला ती माझ्याहून जास्त रडली, तेव्हाही माझ्या पोटात दुखलं. परवा लेकीने सल्ला विचारायला फोन केला तोही तिलाच. तिने सांगितलं, घराजवळचं घे, क्लासशी टायअप असलेलं. हजेरीची कटकट नाही, दिवसभर मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेचा अभ्यास होतो, ठाण्याला जाण्यायेण्यात जीव जाईल. मी म्हटलं, आणि ठाण्याच्या कॉलेजातली लॅब? वर हेही म्हटलं की तिला बरं सुचतंय, स्वतः त्याच लॅबमध्ये शिकून मोठी झाली. लेक शांतपणे म्हणाली, "आई, नीटला प्रॅक्टिकल नसतं गं. आणि फॉर्म माझा आहे ना?"

मला राग आला असं मी नवऱ्याला सांगितलं. तो राग नव्हता, अण्णा, हेवा होता, आणि तो पोटच्या पोरीचा. तिला कुणी नको म्हणत नाही. ज्या दारासाठी मी तीस वर्षं जळले ते तिच्यासाठी उघडं आहे, आणि तिला ते लांब पडतं.

आज दुपारी ती क्लासला गेल्यावर मी लॉगिन केलं. ओटीपी माझ्याच फोनवर येतो. ठाण्याचं कॉलेज उचलून पहिल्या नंबरवर ठेवलं आणि फॉर्म लॉक केला. तिच्या मार्कांना ते लागणारच. तिच्या भल्यासाठी, असं मनाशी म्हणत होते, पण ते खरं नाही. त्या लॅबमध्ये मला जायचं होतं. तुम्हीही मला न विचारताच ठरवलं होतंत, हे बटण दाबल्यावर लक्षात आलं.

उद्या संध्याकाळपर्यंत लॉक उघडून बदल करता येतो. पाचला ती घरी येईल. हे पत्र कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही हे मलाही कळतं. तिला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले आहे.