मोंढ्याच्या वळणावरचा रामराम

प्रिय मेव्हणे महारुद्रराव यांस,

पालमहून तुमचे दाजी भागवत यांचा रामराम. इकडं आम्ही सगळे मजेत. सायकलीमुळं माझी शुगर उतरली, वजन उतरलं आणि राजेश्री म्हणते की तोंडही उतरलं (हे तुमच्या बहिणीचं मत). सासूबाईंची कंबर आता कशी आहे? फोनच केला असता, पण मामा, म्हणजे तुमचे वडील दिनकरराव, प्रत्येक फोन स्पीकरवर लावायला सांगतात, आणि ही गोष्ट त्यांच्या कानी जायला नको.

जिंतूरच्या सायकल शर्यतीच्या दिवशी तुम्ही परभणीला होतात, म्हणून खरं काय घडलं ते सांगतो. सरळ रस्त्यावर मी कुणाला ऐकत नाही. वळण आलं की मात्र ब्रेक दाबून बैलगाडीसारखा वळायचो आणि मागचे सगळे पुढं निघून जायचे. म्हणून इथल्या शाळेतल्या धम्मानंद सरांना गुरू केलं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचं पायडल खाली आणि सगळा भार त्याच्यावर. सायकल आत कललेली. नजर वळण संपतं तिथं. "जिकडं बघताल तिकडंच सायकल जाती," हे त्यांचं पालुपद. मी रोज पहाटे पाण्याच्या टाकीभोवती गरगर फिरायचो आणि मला बघून बायका घागरी बाजूला घ्यायच्या. राजेश्री म्हणाली, "लग्नाला इतकी वर्सं झाली, आता कुठं तुमाला वळण लागायलंय."

शर्यतीत सगळं जमलं हो! मोंढ्याच्या वळणावर ब्रेक वेळेवर, पायडल खाली, नजर टोकाला. आणि त्या टोकाला मामा उभे! पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हात वर करून म्हणाले, "रामराम!" आता सासऱ्यानं भर मोंढ्यात, सगळ्या बाजारादेखत रामराम घालावा आणि जावयानं हँडल धरून निघून जावं, हे आपल्यात चालतं का? माझा हात आपोआप कपाळाकडं गेला. सायकल सरांचं ऐकून मामांकडंच निघाली. त्यांना चुकवलं आणि मी सरकीच्या ढिगात. लागलं काही नाही, फक्त कानात थोडी सरकी गेली. लोकांनी उचलून तुमच्याच घरी नेलं. पाय धुवायला पाणी आलं, मग चुरमुऱ्याचा सुशीला आला. "जावई आलाय अन् तसाच जायलाय का?" असं सासूबाई म्हणाल्या, आणि मी दुसऱ्यांदा घेईपर्यंत तिकडं बक्षिसं वाटून झाली.

पण मान मिळाला. मामा जिंतूरभर सांगत सुटले, "आमच्या जावयानं शर्यत सोडली, पण रामराम सोडला न्हाई." खरं सांगतो, ऐकून फार बरं वाटलं. तरी एकदा त्यांच्यासमोर न पडता वळण घ्यावं, एवढी एकच इच्छा उरली आहे.

सासूबाईंना नमस्कार, लेकरांना पापा.

तुमचा,
भागवत

ता. क. : पुढच्या महिन्यात पाथरीला शर्यत आहे आणि मामा वळणावर उभं राहायला येणार म्हणतात. कसंही करून त्यांना सरळ रस्त्यावर बसवा; तिथं मी दोन्ही हातांनी रामराम करीन. कारण मात्र सांगू नका.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत राजेश्रीनं पत्र वाचलं आणि मामांना फोन लावून सगळं सांगून टाकलं. मामा म्हणाले, "जावईबापू, म्या तर समोरच्या सरकीवाल्याला रामराम घातला हुता. चष्मा घरी राहिलेला, त्यात तुमच्या डोक्यात ते शर्यतीचं टोपडं. ढिगातून काढल्यावर वळखलं तुमाला!" तेव्हा महारुद्रराव, पाथरीला त्यांना वळणावरच उभं करा, आणि चष्मा लावून. मी न पडता गेलो, तर तो मीच होतो हे त्यांना दिसलं पाहिजे.