दीड एकरातलं एक ताट

५ ऑक्टोबर, रविवार
नागपूर सोडलं. कायमचं. बत्तीस वर्षं नियोजन विभागात दुसऱ्यांच्या गावांचे आराखडे केले. आता स्वतःचा. अल्लीपूरपासून तीन किलोमीटर, दीड एकर, दोन खोल्या, एक विहीर.
ज्योत्स्नाची अट: संक्रांतीला एका ताटातलं सगळं आपल्या वावरातलं पाहिजे. भाकर, भाजी, वरण, ठेचा. नाहीतर सामान बांधायचं आणि परत फ्लॅटवर. फ्लॅट तिच्या नावावर आहे, म्हणून तिच्या अटींना जरा वजन असतं. अट हसत मान्य केली. शंभर दिवस आहेत. शंभर दिवसांत मी पाच तालुके बसवले होते. कागदावर, पण बसवले होते.

६ ऑक्टोबर
चार्ट तयार. चार रंगांत. भिंतीला चिकटवला. भिंतीचा पोपडा चार्टसकट खाली आला. आता दाराला लावलाय.
शेजारचे रूपराव आले. त्यांचं वावर आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून आहे. चार्ट बराच वेळ पाहिला. "साहेब, हे पिवळं काय होय?" ज्वारी. "कवा पेरता?" याच आठवड्यात. "मंग ते तं फेब्रुवारीत येईन. संक्रांतीले काऊन दाखवली?" हा लक्ष्यांक आहे, असं समजावलं. "असं काय," म्हणाले आणि गेले. टार्गेट ही कल्पना ग्रामीण भागात अजून रुजायची आहे.

११ ऑक्टोबर
ज्वारी पेरली. म्हणजे रूपरावांनी पेरली, मी देखरेख केली. देखरेखीत पाय मुरगळला. वांग्याची साठ रोपं मात्र स्वतः लावली. ऑक्टोबरात इतकं ऊन असेल हे आराखड्यात धरलेलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर
बियाण्यासाठी हिंगणघाटला गेलो. तिथल्या चष्म्याच्या दुकानात एसी आहे. डोळे तपासून घेतले.

१७ ऑक्टोबर
हिंगणघाट. डोळे. नंबर तोच.

२४ ऑक्टोबर
हिंगणघाट. दुकानदार म्हणाला, "काका, नुसते बसत जा. तपासायची गरज नाही." भला माणूस.

२ नोव्हेंबर. सकाळी ७.
वानरं. बावीस. वांग्याची रोपं खाल्ली नाहीत. एकेक उपटलं, वास घेतला, फेकून दिलं. खाल्ली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं.

४ नोव्हेंबर
बुजगावणं उभं केलं. अंगात माझा निवृत्ती समारंभाचा सफारी, खिशाला पेन, पोटात कडबा. ज्योत्स्ना म्हणाली, पोट अगदी बरोबर जमलंय. तिच्याकडून अशी दाद क्वचित मिळते.

७ नोव्हेंबर
रूपराव नाराज. "काल दोन खेप रामराम घातला साहेब, तुमी पाह्यलंबी नाई." काल मी हिंगणघाटला होतो. खुलासा न करता माफी मागितली. बुजगावणं किती हुबेहूब झालंय याचा हा पुरावा.

८ नोव्हेंबर
एक वानर बुजगावण्याच्या खांद्यावर बसलं होतं. दुसऱ्याने पेन नेला.

१३ नोव्हेंबर
ज्योत्स्नाला धुरपताबाईंचा, म्हणजे रूपरावांच्या पत्नीचा, फार लळा लागलाय. दोघींनी मोरीच्या पाण्यावर मागे पालक, सांभार (म्हणजे कोथिंबीर) आणि मिरच्या लावल्यात. वानरांनी फेकलेली पाच-सहा वांग्याची रोपंही ज्योत्स्नाने उचलून तिथे खोचली. छंद म्हणून ठीक. आराखड्यात ते क्षेत्र येत नाही. शिवाय धुरपताबाईंनी कोंबड्या दिल्या. तिचं मन रमावं म्हणून मी परवानगी दिली. (कोंबड्या आधीच आल्या होत्या.)

२१ नोव्हेंबर
ठिबक सिंचन. तीन दिवस यूट्यूब पाहून सगळं एकट्याने जोडलं. पंप सुरू केला. तासभर थांबलो. एक थेंब नाही. मग रूपराव ओरडत आले. सगळं पाणी त्यांच्या पऱ्हाटीत, वेचणीला आलेला कापूस ओला. जुन्या मालकाचा एक पाइप धुऱ्याखालून तिकडे जातो, हे मला कोणीही लेखी कळवलं नव्हतं.
रूपराव ओला कापूस पिळून पाहत राहिले. ते जास्त लागलं. ज्योत्स्ना पदर खोचून धावली. दिवसभर दोघी ओला कापूस वेचून आमच्या ओसरीवर, खाटांवर, माझ्या टेबलावर पसरत होत्या. दारावरचा चार्ट काढून त्यावरही. मी पण वेचायला गेलो होतो. धुरपताबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सावलीत बसा. तुमी बसले की आमचं काम पटपट होते."
चार्टवर नवा रकाना: सामाजिक सिंचन.

२८ नोव्हेंबर
चार्ट दुरुस्ती, आवृत्ती सहा. मध्येच ज्योत्स्ना फ्लॅटबद्दल काहीतरी विचारायला आली. "तुला योग्य वाटेल ते कर," म्हणालो. मोठ्या प्रकल्पात अधिकार वाटून द्यावे लागतात.

९ डिसेंबर
रोही आले, म्हणजे नीलगाई. घोड्याएवढं जनावर. सहा होते. ज्वारी माझ्या कमरेपर्यंत आली होती, आता घोट्यापर्यंत आहे. बुजगावण्याच्या पोटातला कडबासुद्धा खाल्ला. सफारी लोंबतोय.
धुऱ्यावर बसून राहिलो. रूपराव शेजारी येऊन बसले. तंबाखू मळत म्हणाले, "माह्या वावरातबी झालं साहेब. दरसालचं हाय."
मी खचलेलो नाही. फक्त आज चार्टकडे पाहिलं नाही.

१८ डिसेंबर
महत्त्वाचा निर्णय. परत जायचं. माझ्यासाठी नाही, ज्योत्स्नासाठी. ती बोलून दाखवत नाही, पण तिला नागपूर आठवतंय. काल धुरपताबाईंबरोबर, जुन्या मालकाने आमच्या धुऱ्यावर लावलेल्या तुरीच्या शेंगा सोलताना ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. माणूस आतून फार दुःखी असला की असंच हसतो.
मी हरलो की तिला आपोआप परत जाता येईल. तेव्हा हरायचं ठरवलं. आजवर या दिशेने माझी प्रगती समाधानकारक आहे.

२ जानेवारी
कपडे बॅगेत भरले. गुपचूप. कॉलनीतल्या टपरीवरचे तर्री पोहे तिला फार आवडायचे. (मला आवडायचे. पण ती सोबत असायची.) लिफ्टचा तो टिंग आवाज. बिचारी किती दिवस ऐकला नाही.

१० जानेवारी
भाषण तयार. "ज्योत्स्ना, मी पराभव स्वीकारतो." आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. चेहऱ्यावर फार आनंद दिसतो. सराव हवा.

१४ जानेवारी, संक्रांत
घडलं तसं लिहितो.
दुपारी रूपराव आणि धुरपताबाई जेवायला. ज्योत्स्नाने माझ्यापुढे ताट ठेवलं. धुऱ्यावरच्या तुरीचं वरण. मोरीमागच्या वांग्यांची भाजी. पालक. मिरचीचा ठेचा, वर सांभार. ज्वारीची भाकर.
भाषण राहूनच गेलं. मग भाकरीकडे लक्ष गेलं. आपली ज्वारी तर रोह्यांनी खाल्ली! म्हणालो, ही ज्वारी कुठली? ती म्हणाली, धुरपताबाईंकडची, गेल्या सालची, अंड्यांच्या बदल्यात. मी जवळजवळ उठून उभा राहिलो. म्हटलं, मग अट मोडली! तांत्रिकदृष्ट्या मी हरलो!
"कोंबड्या आपल्याच वावरातल्या आहेत ना," ती म्हणाली. मी म्हटलं, अदलाबदल अटीत बसत नाही. मी हरलोच आहे. रूपरावांचा घास हातात राहिला. "साहेब, जितून राह्यले तं काऊन भांडून राह्यले?"
मग मी सगळंच बोललो. भाषण नाही, असंच. की तुझी इथे किती आबाळ होते हे मला दिसतं, बॅग भरून तयार आहे, उद्याच्या बसने निघू.
ज्योत्स्ना माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "निघून कुठं जायचं? फ्लॅटमध्ये एक डिसेंबरपासून भाडेकरू आहेत. तुम्हाला विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, योग्य वाटेल ते कर."
बाहेर एक कोंबडी ओरडत होती.
मग ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "मले इथंच बरं वाटते."
मले. ती इकडच्याच सिंदी गावची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी तिला सांगितलं होतं, ऑफिसच्या लोकांसमोर 'मला' म्हणत जा. तेव्हापासून ती 'मला' म्हणायची. घरात सुद्धा. माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं.
भाकर खाल्ली. दोन खाल्ल्या. चांगली होती.

१४ जानेवारी, संध्याकाळ
बॅग रिकामी केली. ज्योत्स्नाने विचारलं, तुम्हाला काय काम द्यायचं? काहीही दे, म्हणालो. तिने थोडा विचार केला. उद्यापासून सकाळी कोंबड्या सोडायच्या आणि मोजायच्या. एवढंच.

१५ जानेवारी. सकाळी ६.१०.
कोंबड्या सोडल्या. मोजल्या. बारा. पुन्हा मोजल्या. पंधरा. सरासरी काढून तिला साडेतेरा सांगितल्या.
ती बाहेर आली, एकदा नजर फिरवली. "चौदा." मग म्हणाली, "राहू द्या. चहा घ्या, थंडा होते."