कपाळ नको, मान बघ

ता. ११ नोव्हेंबर, मंगळवार

ताई,

नाही म्हणजे नाही. फोनवर सांगून झालं, आता लिहून देतो. बारक्याला इकडे कामाला पाठवायचं नाही. त्याच्यासाठी चाकांची बॅग घेतलीस म्हणे. परत कर. दुकानदार घेत नसेल तर जुने कपडे कोंब तिच्यात आणि टाक माळ्यावर.

नमस्कार राहिला. नमस्कार. आईलाही सांग. मी ठीक, तुम्ही ठीक असाल. झालं.

मी आणि पत्र, याचं हसू येईल तुला. माझं अक्षर बघून मास्तर म्हणायचे, कोंबडी शाईत पाय बुडवून गेली. पण फोनवर तू बोलतेस, मी हो हो करतो, आणि फोन ठेवल्यावर कळतं की कशाकशाला हो म्हणून बसलो. त्यात तू स्पीकर लावतेस. आई ऐकते, बारक्या ऐकतो, शेजारीण दारात उभी राहून ऐकते. पत्र निदान पहिल्यांदा तू एकटी वाचशील. शिवाय सध्या मला वेळ आहे. कसा, ते येईल पुढे.

तू म्हणालीस, "बारक्या भाऊ कुणाचा, अगदी तुझ्यावर गेलाय. वर्षभरात एक शिंक नाही. तिथल्या गारठ्यात असलाच पोरगा टिकतो." वर तुझे डॉक्टर आहेतच. तू दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या वाटतेस, पण बोलतेस अशी की इंजेक्शन तूच देतेस. "काही तरुण मुलांची प्रतिकारशक्तीच तशी असते, डॉक्टर म्हणाले." असेल. आमच्या खोलीत एक आहे तसा. हत्ती म्हणतो आम्ही त्याला. पोटभर जेवतो, पाठ टेकली की घोरतो, कुणी शिवी घातली तर हसतो. त्याला खरंच काही होत नाही. माझी खाट त्याच्या शेजारीच आहे, मी रोज बघतो. तेव्हा एक हत्ती मी डॉक्टरांना दिला. बाकीच्या पोरांना काही का होत नाही, ते माझ्याकडून ऐक.

आमचं कोल्ड स्टोरेज म्हणजे तुला वाटतं मोठा फ्रिज. फ्रिजच्या वरच्या खणात बर्फ धरतो ना, तसला खण, पण आपली अख्खी गल्ली मावेल एवढा. आत मासळीची खोकी आणि मटारची पोती. दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्या लोंबतात, त्यातून आत गेलं की नाकातले केस कडक होतात. जॅकेट कंपनीचं, तिघांत मिळून एक, आधीच्याच्या घामाने ओलं. थोडा वेळ आत, थोडा वेळ बाहेर, पुन्हा आत. बाहेर धक्क्यावर उन्हात ट्रक उभे. दिवसभर असं तव्यावरून बर्फात आणि बर्फातून तव्यावर.

आत एकट्याने जायचं नाही, जोडीनेच जायचं. कारण गारठ्याने कान किंवा नाक मेलं तर ज्याचं त्याला कळत नाही. दुखतच नाही. फक्त पांढरा ठिपका पडतो, आणि तो समोरच्याला दिसतो. म्हणून तुझं तोंड मी बघायचं, माझं तू. माझा जोडीदार काका. काका म्हणजे चाळिशीचा माणूस, पण आमच्यात तो म्हातारा. त्याच्या डाव्या कानाचं टोक नाही. तो म्हणतो, "माझा पहिला जोडीदार प्रेमात पडला होता, त्याचं लक्ष नव्हतं."

आता मुद्द्याची गोष्ट. मागे एकदा निम्मी पाळी तापाने झोपली, तेव्हापासून साहेबाने दारात एक माणूस बसवलाय. त्याच्या हातात पिस्तूल असतं, कपाळाला लावायचं. दाबलं की आकडा येतो. आकडा जास्त आला की तू घरी. पगार बंद. दोनदा घरी गेलास की तिसऱ्यांदा येऊ नकोस, बाहेर पोरं रांग लावून उभी आहेत. आणि महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला वर बक्षीस, आणि जेवणाच्या खोलीत फळ्यावर फोटो.

मग पोरांनी काय करावं? कपडे बदलायच्या खोलीत बर्फाच्या पेटीत मटारचं एक पाकीट कायम ठेवलेलं असतं. ज्याला कणकण असेल त्याने ते कपाळाला लावायचं, बधिर होईस्तोवर, आणि रांगेत उभं राहायचं. पिस्तूल म्हणतं, ठणठणीत. आम्ही एकमेकांना कसा आहेस असं विचारतच नाही. विचारतो, "काय, मटार लावला का?" नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी संडास कुठे ते दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी मटार.

ही तुझ्या डॉक्टरांची प्रतिकारशक्ती. फळ्यावर आम्ही रांगेने हसतोय, आणि साहेब पाहुण्यांना दाखवतो, "बघा, आमची पोरं कधी आजारी पडत नाहीत." जो पडला त्याचा फोटो तिथे नसतो, एवढंच. तो माणूसही तिथे नसतो.

माझा तो फोटो तू आरशाच्या कडेला खोचून ठेवलायस. आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, "आमचा दगड." ताई, त्या फोटोत मला ताप आहे. नीट बघ, डोळे बघ. तू म्हणालीस, किती तेज आलंय चेहऱ्यावर.

चिडली असशील. चिड. मी पण चिडूनच लिहितोय.

मला मटार कुणी शिकवायला लागलं नाही. नवीन असताना त्यांनी पाकीट हातात दिलं तेव्हा मी हसलो, कारण हे मी दहाव्या वर्षीच करून बसलो होतो. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी तू आणि बारक्या एकदमच तापाने पडलात, आठवतं? तुला कसं आठवेल, तू बडबडत होतीस. एका अंथरुणावर तुम्ही दोघं आणि मधे आई. ओल्या फडक्याची घडी इकडून काढायची, तिकडे ठेवायची. माझेही पाय सकाळपासून मोडून आले होते. मी स्वयंपाकघरात गेलो, आणि पाण्याच्या हंड्याला कपाळ टेकून उभा राहिलो. बरं वाटत होतं म्हणून, दुसरं काही डोक्यात नव्हतं. तेवढ्यात आई पाणी घ्यायला आली. तिने उलटा हात माझ्या कपाळाला लावला. कपाळ गार. ती तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "देवा, एक तरी धड ठेवलास."

त्या एका वाक्यावर मी आजपर्यंत धड आहे.

त्यानंतर औषध मीच आणलं, पाणी मीच भरलं. औषधाच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा भिंतीला धरून उभा राहिलो. कुणाला दिसलं नाही, आणि दिसू द्यायचंही नव्हतं. मग मी दगड झालो. दगडाला काय होतंय! दूध बारक्याला, स्वेटर तुला, शाळा बारक्याला. आणि कामाला कोण जाईल असं निघालं तेव्हा घरात कुणी चर्चासुद्धा केली नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी तक्रार नाही. खोटं, आहे थोडी. कुणी मुद्दाम केलं नाही हे मला कळतं, म्हणून राग कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तुझ्यावर काढतोय.

आता वेळ कसा मिळाला ते.

गेल्या आठवड्यात आम्ही आत मासळीची खोकी रचत होतो. काकाने माझं तोंड बघितलं आणि हातातलं खोकं खाली ठेवलं.

"लाल का दिसतोयस रे?"

"गारठा."

"गारठ्याने माणूस पांढरा होतो. लाल होत नाही."

"काका, तुम्ही खोकी रचा."

त्याने हातमोजा काढला. आत हातमोजा कुणी काढत नाही. मागून माझ्या कॉलरमधे हात घातला, मानेवर, अख्खा तळवा. आणि म्हणाला, "अरे, ही मान आहे की कढई?" मी हात झटकला. सोड म्हटलं, शिवी पण दिली. त्याने मला कॉलर धरूनच दारापर्यंत आणलं. पिस्तूलवाल्याने सवयीने कपाळाला लावलं. ठणठणीत.

"कपाळ नको," काका म्हणाला, "मान बघ याची."

"मशीन कपाळाची आहे."

"मग मशीन ठेव खाली आणि हात लाव. हात आहे ना तुला?"

त्याने लावला हात. आणि काढला चटकन, चटका बसल्यासारखा.

न्युमोनिया होता. होता म्हणजे उतरलाय आता, घाबरू नकोस, आणि आईला सांगू नकोस. नाही, सांग. सांगच. दगड आजारी होता म्हणून सांग. चार दिवस खाटेवर होतो. काका दोन वेळा यायचा, पातळ भात करून घालायचा, आणि आल्या आल्या पहिला हात मानेला. मला रडू आलं एकदा. डोळ्यांत साबण गेला म्हणून सांगितलं. खाटेवर पडलेल्याच्या डोळ्यांत साबण कुठून येणार? पण तो भात कालवत राहिला.

आता पिस्तूलवाला सगळ्यांच्या मानेलाही हात लावतो. पोरं काकाशी बोलेनाशी झाली, माझ्यावर पण डूख धरून आहेत. माझा फोटो फळ्यावरून काढला, जागेवर चार टाचण्या राहिल्यात. राहू देत. परवा हत्ती पातेलं घेऊन आला. म्हणाला, "ते पाकीट आता काय कामाचं? शिजवलं." मीठ जास्त झालं होतं. काका, हत्ती आणि मी, तिघांनी बसून खाल्ला तो मटार, पातेलं पुसून. शपथ सांगतो, एवढं चविष्ट मी इकडे आल्यापासून खाल्लं नव्हतं.

तर बारक्या. पडल्या पडल्या मला एकच गोष्ट सारखी दिसत होती. मागच्या वेळी मी घरी आलो होतो तेव्हा एका सकाळी तो स्वयंपाकघरात उभा होता. हंड्याला कपाळ लावून. मी विचारलं, काय रे? म्हणाला, "काही नाही, गार वाटतं." मी हसलो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. शाबास म्हणालो असेन. ताई, पाठ गरम होती त्याची. हाताला लागलं होतं मला. ते मला आत्ता कळलं, काकाचा हात मानेवर पडल्यावर.

तो माझ्यावर गेलेला नाही. तो माझं बघून शिकलाय.

म्हणून तो इकडे येणार नाही. भाडं वाढलंय, मला माहीत आहे. दोघं कमावते झाले तर तुझ्या मागचं ओझं उतरेल, तेही माहीत आहे. तरी नाही. तू पाठवलास तर मी त्याला स्टेशनवरूनच परत बसवीन, आणि पोरं आणणाऱ्या एजंटाला सांगीन की पोरगा सारखा आजारी असतो. तो बारावीला बसेल. नापास झाला तर पुन्हा बसेल. त्याला शिंकू दे. पांघरूण घेऊन दिवसभर लोळू दे आणि तू त्याच्यावर ओरड. घरात एकाला तरी नीट आजारी पडता आलं पाहिजे.

तो आज घरी आला की एक कर. कपाळाला हात लावू नकोस, तिथे तो तुला फसवील. मागून जा, कॉलरच्या आत, मानेला, अख्खा तळवा. हसेल, झटकेल, शिवी देईल. धरून ठेव. आणि मग आईला सांग, तुझ्याही मानेला हात लावायला. दिवसभर लोकांच्या तापाच्या चिठ्ठ्या वाटतेस, तुझी मान कुणी बघितली होती शेवटची?

सोमवारी मी कामावर जाणार. मटार लावणार नाही. ताप आला तर आला म्हणून सांगणार. काढलं तर काढू देत, हातपाय आहेत, दुसरीकडे लागीन.

पाठवतोय ते पैसे कमी आहेत या वेळी. फोटोचं बक्षीस गेलं, खाटेवरचे दिवस गेले, औषध माझं मी आणलं. कुणी विचारलं तर दबकत सांगू नकोस, भाऊ आजारी होता म्हणून सांग, मोठ्याने. यातून आधी बारक्याची परीक्षेची फी, मग भाडं.

तुझा भाऊ, ज्याला ताप येतो

सहा हजार चारशे.