आधी हात चोळ

मंगळवार संध्याकाळ, मुलुंड

यांचं तेरावं काल झालं. रडू अजून नाही. आज वॉर्डातली ती शिकाऊ डॉक्टर मुलगी घरी आली.

शेवटी शेवटी वॉर्डातले मोठे डॉक्टर, हिचे सर, रोज शिकाऊ मुलांना यांच्या खाटेशी आणायचे. एकेक जण पोट दाबून यकृत किती वाढलंय ते बघायचा. मला बघवायचं नाही. दुखतं का, विचारलं की हे म्हणायचे, "शिकांदेत गो." आणि हिला, "चेडवा, हात बरफ तुझे! आधी चोळ, मग दाब."

"आता प्रत्येक पेशंटला हात लावायच्या आधी मी चोळते, काकू," ती म्हणाली.

मी चहा ठेवला. मग विचारलंच, "दुखायचं का गं त्यांना?"

"हो. दाबताना आम्ही पेशंटचा चेहरा बघत असतो ना. काका डोळे मिटायचे, मी लगेच हात काढायचे."

डोळे मिटायचे. मी तिथेच बसलेली असायचे. मला वाटायचं, झोप येतेय.

निघताना तिने माझा हात धरला. धरण्याआधी तळवे चोळले, सवयीनेच असेल. हात गरम होता. बाकी काही वाटलं नाही.